शिट्टी गेली असं आम्ही म्हणालो

१ मार्च, रविवार

काच कारखान्यातल्या माझ्या भावांनो आणि बहिणींनो! ज्यांचा माइक नेमका महत्त्वाच्या वाक्याला बंद पडतो अशा तुम्हा सगळ्यांना मी विचारतो, हे योगायोग अजून किती दिवस मोजायचे? पहिल्या सभेत वायर तुटली. दुसऱ्या सभेत फ्यूज उडाला. आज मी "हा करार म्हणजे" इथपर्यंत आलो आणि चारही कर्णे मेले. भाड्याचा लाउडस्पीकरवाला हात वर करून म्हणतो, "साहेब, लाइटच गेली." लाइट कुठून घेतली होती? गेटवरच्या केबिनमधून. म्हणजे ज्याच्याविरुद्ध बोलायचं त्याच्याच विजेवर बोलायचं!

हे सगळं मी वहीत लिहितोय, ऐकायला कोणी नाही. ही मागून डोकावली आणि म्हणाली, "वहीला तरी सोडा हो. ती बिचारी उठून जाऊही शकत नाही."

पाच एप्रिलला या करारावर मतदान आहे. एकतीस वर्षं एकदाही न विझलेली भट्टी मालकांना विझवायची आहे. काचेची भट्टी एकदा थंड झाली की तडकते, पुन्हा पेटत नाही. आम्हा जुन्या दोनशे साठ जणांना ठोक रक्कम मिळणार आणि दीडशे कंत्राटी पोरांना नमस्कार. जुन्यांतले निम्मे रकमेवर भाळले आहेत. पोरांची मतं मिळाली तर करार पडतो, नाहीतर भट्टी विझते. आणि पोरांपर्यंत माझा आवाजच पोचत नाही.

ठरलं. कर्णे आपले, डबा आपला, बॅटरी आपली. ॲम्प्लिफायर मी स्वतः बांधणार.

४ मार्च, बुधवार

जुन्या वायरमनकडे गेलो. हा मशीन हॉलमध्ये बावीस वर्षं वायरमन होता, आता घरच्या पुढच्या खोलीत रेडिओ-टीव्ही दुरुस्त करतो.

"काय पुढारी, काय बिघडलं?"

"जग."

"ठेवून जा, पुढच्या आठवड्यात बघतो. आणखी काही?"

मनातलं सांगितलं. तो खूप हसला आणि मग बसायला स्टूल दिलं. पहिला धडा: टाकीत पाणी जितकं उंच तितका व्होल्टेज, नळातून वाहतं तो करंट. "आणि रेझिस्टन्स?" मी विचारलं. "तुझं डोकं," तो म्हणाला. "काही आत शिरू देत नाही आणि लवकर तापतं."

या तीन गोष्टींमधला नियम मला फार आवडला. एक वाढलं तर दुसरं किती वाढेल ते ठरलेलं. मालकाला वेगळं, कामगाराला वेगळं असं नाही. जगात एक तरी कायदा असा आहे ज्यात वकिलाला पळवाट सापडणार नाही!

९ मार्च, सोमवार

कपॅसिटर उलटा बसवला. तो फटाक्यासारखा फुटला, खोलीभर कागदाचे तुकडे. त्याच्या अंगावर उणेची पट्टी छापलेली असते, ती मी पाहिली पण तिचा अर्थ काढला नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी माणूस मूर्ख ठरतो तेव्हा किती ताजंतवानं वाटतं! वायरमन म्हणाला, "भाषणात चालतं रे तुझं, उलट बसलं तरी टाळ्या येतात."

सोल्डर मात्र जमायला लागलं. वितळलेला थेंब पसरून चकाकला पाहिजे. गोळी होऊन बसला तर तो ड्राय जॉइंट, वरून धरलेला दिसतो पण आत वीज जात नाही. अशी माणसं मी युनियनमध्ये शेकड्यांनी पाहिली आहेत.

१७ मार्च, मंगळवार

आज डबा बोलला.

बारा व्होल्टच्या बॅटरीवर चार कर्णे ओरडत नाहीत, म्हणून आधी व्होल्टेज वाढवायला लागतो. त्यासाठी एक वेगळं सर्किट आहे. ते वीज तोडतं, जोडतं, तोडतं, जोडतं, सेकंदाला हजारो वेळा. त्या तोडाजोडीचीच एक शिट्टी कर्ण्यातून येते. एक बारीक स्क्रू फिरवला की तोडाजोड जलद होते आणि शिट्टी वर वर चढते. माणसाच्या कानापलीकडे गेली की काम झालं. मग ती असली काय, नसली काय.

फुंक्याही आला होता. पूर्वी हा तोंडाने काच फुंकायचा, म्हणून फुंक्या. नंतर चोवीस वर्षं बाटल्यांच्या मशीनवर माझ्या शेजारी. मी म्हणालो, "मीटर लावायचा का? किती वेळा तोडतंय ते दिसेल."

"मीटर कशाला?" वायरमन म्हणाला. "सहा कान बसलेत इथे."

त्याने स्क्रू फिरवला. शिट्टी जाड होती ती बारीक झाली, दोऱ्याएवढी झाली, मग केसाएवढी. फुंक्याने बोट वर केलं. "गेली."

"गेली," मी म्हणालो.

वायरमनने मान तिरकी केली. "कधीच गेली."

स्क्रू हलू नये म्हणून त्याने बायकोच्या नेलपॉलिशचा एक लाल थेंब त्यावर सोडला. मग मी माइक हातात घेतला आणि नुसतं "मित्रांनो" म्हणालो. समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर हललं. तिघांच्याही डोळ्यांत पाणी आलं. फुंक्या म्हणतो सोल्डरच्या धुराने आलं.

१८ मार्च, बुधवार

डबा घरी आणला. दुपारी टेबलावर ठेवून बटण दाबलं. माइक हातातही घेतला नव्हता, तोच आत झोपलेला सात महिन्यांचा नातू किंचाळत उठला. मांजर भिंतीवरून पलीकडे गेलं, अजून आलेलं नाही.

सूनबाई बाळाला घेऊन दारात आली. "बाबा, ते बंद करा ना. त्यात काहीतरी ओरडतंय."

"कोण ओरडतंय? मी अजून तोंडही उघडलेलं नाही."

"तुमचा नाही आवाज." तिने बाळाचे कान हाताने झाकले होते.

मी हिच्याकडे पाहिलं. ही शेंगा निवडत होती. "मला नाही गं काही ऐकू येत," ती म्हणाली.

बटण बंद केलं. बाळ हुंदके देत झोपलं.

२१ मार्च, शनिवार

एक गोष्ट लिहून ठेवतो. कोणाला सांगणार नाही.

आज दुपारी घरात एकटाच होतो. एक तास भाषणाचा सराव केला, डबा बंद केला, बॅटरीची वायर काढली. आणि तरी शिट्टी येत होती. केसाएवढी बारीक. कान डब्याला लावला तर वाढत नाही, लांब गेलो तर कमी होत नाही.

पुस्तकात लिहिलंय की कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. मी त्याच्या दोन टोकांना रेझिस्टर लावून तो रिकामा केला. व्होल्टच्या मीटरवर शून्य आलं. शिट्टी चालूच.

२२ मार्च, रविवार

डबा अंगणात नेऊन ठेवला, वर पोतं टाकलं. आत येऊन दार लावलं. शिट्टी माझ्याआधी आत येऊन बसली होती.

२४ मार्च, मंगळवार

आज सकाळी दहा वाजता सरावाला बसलो. आमच्या गल्लीतली सगळी घरं कारखान्याची. बटण दाबलं आणि समोरची खिडकी बंद झाली. मग शेजारची. मग टोकाची. नऊ खिडक्या मोजल्या. आधी वाटलं वारा असेल, पण हात दिसत होते, बांगड्या भरलेले. सगळ्या सुना. एकाही सासूने खिडकी लावली नाही. सासवा ओट्यांवर बसून निवांत धान्य पाखडत होत्या आणि त्यांच्या डोक्यावर खिडक्या एकामागून एक मिटत होत्या.

बटण बंद केलं. खिडक्या उघडल्या. त्यांतून नऊ चेहरे माझ्या घराकडे बघत होते.

ओट्यावर पत्ते खेळणारी पोरं गेला आठवडाभर दिसलेली नाहीत. गल्ली अशी ओस पडलेली मी संपातही पाहिली नव्हती.

हा कट आहे का? ऑफिसातल्या लोकांना सुना गाठायला काय वेळ लागतो?

२६ मार्च, गुरुवार

भांडण. लिहायला लाज वाटते पण लिहितो.

सूनबाई म्हणाली, "बाबा, रविवारच्या सभेला तो डबा नेऊ नका. मी हात जोडते. एखादी बाई एकाच श्वासात किंचाळत राहावी ना, श्वास न घेता, तसं आहे ते. तुम्ही बोलता ते मला कळतच नाही. ती तुमच्या शब्दांच्या वर उभी असते."

मी म्हणालो, "ऑफिसातून कोणी भेटलं होतं का तुला?"

ती पांढरीफटक पडली. हातातलं ताट खाली ठेवून आत गेली.

ही म्हणाली, "जिभेला हाड नाही तुमच्या. घरात आलेल्या पोरीला असं विचारतात?"

"मग तुला येतं का ऐकू? मला येत नाही, वायरमनला येत नाही, फुंक्याला येत नाही. एकट्या हिलाच येतं?"

चिरंजीव पाच वर्षं मशीनवर आहेत. त्यांना विचारलं. म्हणाले, "काहीतरी बारीकसं वाटतं खरं. पण एवढा त्रास नाही." बायकोची बाजूही घ्यायची आणि बापालाही दुखवायचं नाही. मुलगा पुढारी होणार.

सूनबाईला मात्र मी आणखी एक विचारायला हवं होतं: डबा बंद असताना तुला काय येतं? नाही विचारलं. भीती वाटली.

दुपारी चालत चालत गावाबाहेरच्या माळावर गेलो. मैलभर घर नाही, तार नाही. दगडावर बसलो. तिथेही ती होती.

२९ मार्च, रविवार

सभा झाली. डबा एकदाही बंद पडला नाही.

असंच लिहायचं ठरवून बसलो होतो. आता खरं लिहितो.

पुढे जुने बसले होते, मागे दीडशे पोरं उभी. मी बटण दाबलं. अजून एक शब्दही बोललो नव्हतो, तेवढ्यात मागच्या सगळ्या पोरांचे हात एकदम कानांवर गेले. कवायतीत जातात तसे. तोंडं वेडीवाकडी झाली. पुढचे जुने शांतपणे माझ्याकडे बघत होते, त्यांना मागे काय चाललंय त्याचा पत्ता नव्हता. गेटवरच्या तरुण पहारेकऱ्याने केबिनची काच सरकवली. रस्त्यावरची कुत्री शेपूट घालून पळाली.

मी बोलायला लागलो. आवाज वाढवला. पोरं मागे सरकली. आणखी वाढवला. ती वळली आणि निघून गेली, कान दाबून, खाली वाकून, जणू वरून काही पडत होतं. एकानेही घोषणा दिली नाही, एकानेही शिवी दिली नाही.

तेव्हा माझ्या तोंडून तो शब्द गेला. "जाऊ द्या फितुरांना!" म्हणालो. चार कर्ण्यांतून, मैदानभर. जुन्यांनी टाळ्या वाजवल्या. मी त्यांच्या टाळ्यांवर आणखी वीस मिनिटं बोललो. मागचं मैदान रिकामं होतं आणि तिथे नुसत्या चपला पडल्या होत्या.

घरी येईपर्यंत शिट्टी सोबत होती.

३० मार्च, सोमवार

पोरांचा निरोप आला: आम्ही मतदानाला येणार नाही. तुमची भट्टी, तुमचं तुम्ही बघा.

म्हणजे भट्टी विझली.

१ एप्रिल, बुधवार

सकाळी सूनबाईने वायरमनला आणि फुंक्याला स्वतः बोलावून आणलं. मला विचारलं नाही. बाळाला शेजारच्या घरी ठेवलं आणि म्हणाली, "वायरमनकाका, तुम्ही डबा घेऊन पडद्याआड बसा. मी भिंतीकडे तोंड करून बसते. तुम्हाला वाटेल तेव्हा बटण दाबा, वाटेल तेव्हा बंद करा. बाबा माझ्याशेजारी बसतील. आम्ही दोघं चालू का बंद ते सांगतो. आई आणि फुंक्याकाका मोजतील."

वायरमन म्हणाला, "पोरी, डब्यावरच्या दिव्याचा उजेड भिंतीवर बघून सांगशील."

"मग दिव्यावर चिकटपट्टी लावा."

लावली. वीस वेळा केलं. मी वीसपैकी नऊ बरोबर सांगितले. नाणं उडवलं असतं तरी तेवढे आले असते. ती वीसपैकी वीस. प्रत्येक वेळी तिचे खांदे आधी आखडायचे आणि मग ती "चालू" म्हणायची.

पडदा बाजूला झाला तेव्हा वायरमनचा चेहरा मला ओळखू आला नाही. त्याने पिशवीतून मीटर काढला, जो पहिल्या दिवशीच लावायचा होता. टोकं टेकवली. मीटरवर सेकंदाला सहा हजार.

"किती पाहिजे?" फुंक्याने विचारलं.

"चाळीस हजार," वायरमन म्हणाला. "माणसाला वीस हजारांपर्यंत ऐकू येतं. चांगल्या कानाच्या माणसाला."

आम्ही शिट्टी कानापलीकडे घालवली नव्हती. आमचे कान जिथे संपले तिथे तिला सोडून दिलं होतं, आणि वर लाल थेंब लावून पक्कं केलं होतं. तिघं कोण? मशीन हॉलचे तिघं! बाटल्यांच्या त्या खडखडाटात प्रत्येकाची वीस वर्षांहून जास्त गेलेली. कानांची परीक्षा घ्यायला आम्ही तेच कान बसवले.

सूनबाईने नखाने लाल थेंब खरवडून काढला. "सगळ्यांनी हात वर करा आणि डोळे मिटा," ती म्हणाली. "मी अगदी खालून सुरू करते, आवाज बारीक ठेवून. ऐकू येणं थांबलं की हात खाली." चिरंजीव पाळीवरून नुकतेच आले होते, त्यांनाही बसवलं.

मी हात खाली घेतला आणि डोळे उघडले. फुंक्याचा आधीच खाली होता. वायरमनचा खाली आला. हिचाही आला. वीस वर्षं ती तपासणी खात्यात होती, त्याच हॉलच्या दुसऱ्या टोकाला. मग चिरंजीवांचा आला, आमच्यानंतर थोड्याच वेळाने. रात्रपाळी करून आलेला माणूस, लक्ष नसेल. पाच वर्षांत काय होणार? सूनबाई मात्र एका हाताने स्क्रू फिरवत त्यांच्या त्या खाली आलेल्या हाताकडे बघत राहिली. तिचा दुसरा हात वर होता. तो वरच राहिला. खूप वेळ. आम्ही पाच जण तिच्याकडे बघत बसलो. खोलीत काहीतरी भरून राहिलं होतं, ते तिच्या कपाळावर दिसत होतं, आणि आमच्यासाठी तिथे काही नव्हतं.

तिने बटण बंद केलं. तेव्हा मला राहवलं नाही. मी विचारलं, "आता काय येतं तुला?"

"आता? काही नाही. शांत आहे."

"मला येतंय," मी म्हणालो. "बंद केल्यावर सुरू होतं. माळावरही येतं."

वायरमन हळूच म्हणाला, "ते होय. ते मला एकोणीस वर्षं येतंय."

फुंक्या म्हणाला, "म्हणजे सगळ्यांना येत नाही?"

आम्ही हिच्याकडे पाहिलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "मला वाटायचं," ती म्हणाली, "शांतता अशीच वाजते."

सूनबाईला तेव्हा रडू आलं. मी तिच्यापुढे उभा राहिलो. हजार माणसांपुढे न अडखळणारा मी, दोन शब्दांसाठी तीनदा घसा खाकरला. "चुकलो, पोरी," म्हणालो. ती म्हणाली, "मला नका सांगू बाबा. त्या पोरांना सांगा."

२ एप्रिल, गुरुवार

शिट्टी चाळीस हजारांवर नेली. मीटरने. खिडक्या उघड्या राहिल्या. उद्या दुपारी पाळी बदलताना गेटवर बोलायचं ते इथे लिहून काढतो. सूनबाई सकाळीच कंत्राटी पोरांच्या खोल्यांवर जाऊन आली. "ऐकायला येऊ," म्हणाले, "पण कान दुखला तर परत जाऊ." यापेक्षा न्याय्य अट मी कुठल्या करारात वाचलेली नाही.

मित्रांनो,

रविवारी तुम्ही निघून गेलात आणि मी तुम्हाला फितूर म्हणालो. तो शब्द मी परत घेतो. तुम्ही ऐकलंत म्हणून गेलात. आम्ही बसून राहिलो कारण आम्हाला ऐकू येत नाही. दोनशे साठ माणसं एका किंकाळीसमोर मान डोलवत बसली होती आणि व्यासपीठावरून मी त्यांना शाबासकी देत होतो.

ही किंकाळी आमच्या कानातून कोणी काढून नेली? एका दिवसात नेली असती तर आम्ही दंगा केला असता. पाळी पाळीने नेली. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकायचं बंद झालं तेव्हा आम्ही त्याला चावी देत बसलो. सुना हळू बोलतात म्हणून रागावलो. आणि जे गेलं त्याच्या जागी एक शिट्टी मिळाली, ती आम्ही एकेकट्याने लपवून ठेवली, कारण वेडे म्हणवून घ्यायची भीती होती.

करारात सातव्या कलमात एक वाक्य आहे: कामामुळे झालेल्या कोणत्याही इजेबद्दल यापुढे कोणी दावा करणार नाही. मी ते गेल्या महिन्यात वाचलं आणि पुढे गेलो. इजा झालीय कोणाला, असं मला वाटलं! आता सांगतो, ठोक रक्कम देऊन ते भट्टी विझवत नाहीत, पुरावा विझवताहेत. मशीन हॉल पाडला की तो आवाज कसा होता हे कोण सिद्ध करणार? आणि पोरांनो, तुमचा प्रश्न वेगळा नाही. दोन वर्षं झालेल्यांना अजून वेळ आहे. पाच झालेल्यांचं मला सांगता येत नाही.

रविवारी मत कुठे टाकायचं ते मी आज सांगणार नाही. आज एकच काम सांगतो. शनिवारी दुपारी पाळी सुटल्यावर घरी जाऊ नका. गेटसमोरच्या मैदानात दहा दहा जणांच्या रांगेत या, जुने आणि नवे, बायका आणि पुरुष. माझी सून हळू आवाजात एक शिट्टी वाजवेल आणि ती चढवत नेईल. डोळे मिटा, हात वर करा, शेजाऱ्याचा हात कुठे आहे ते बघू नका. ऐकू येणं थांबेल त्या क्षणी हात खाली घ्या, वायरमन मीटरवरचा आकडा मोठ्याने सांगेल तो आपल्या नावापुढे लिहा, आणि सही करा.